आजारी माणसाचे करताना: काळजी घेणाऱ्याचा ताण, शोक आणि श्रद्धेचा आधार

घरातले एखादे माणूस लकव्याने अंथरुणाला खिळते, कोणाला कर्करोगाचे निदान होते, कोणाचे आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस सुरू होते, तर कोणाला म्हातारपणी विसरण्याचा आजार लागतो. त्या दिवसापासून त्याच घरातले आणखी एक माणूस हळूहळू थकत जाते. त्याचा केसपेपर कोणी काढत नाही. हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी, म्हणजे तुमच्यासाठी आहे. वाशीम जिल्ह्यातील घरे डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे, पण शेजारच्या अकोला, यवतमाळ, बुलढाणा किंवा हिंगोलीच्या वाचकालाही त्यात आपलेच घर दिसेल.

काळजीवाहक म्हणजे नेमके कोण?

सरकारी कागदांत ‘काळजीवाहक’ असा शब्द येतो. बोलताना तो कोणी वापरत नाही. आपण म्हणतो, “सासऱ्यांचं सगळं धाकली सूनच करते.” या ‘करते’मध्ये अंग पुसणे, कूस बदलणे, नळीतून खाऊ घालणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, गोळ्यांच्या वेळा, रात्रीची हाक, दवाखान्याची फाईल आणि भेटायला येणाऱ्यांचा चहा, इतके सगळे मावलेले असते. काम इतके गृहीत धरलेले असते की ते करणाऱ्यालाही आपण काही वेगळे करतो आहोत असे वाटत नाही. म्हणून “मला ताण आहे” हे वाक्य तोंडात येतच नाही. त्याऐवजी डोके दुखते, पाठ धरते, ‘आंग जड’ वाटते.

बहुतेक घरांत हे काम बायको, सून किंवा मुलगी करते. पण बायकोच्या कर्करोगासाठी नोकरीवरून सुट्ट्या टाकणारे नवरे आणि आईसाठी पुण्याहून गावी परतलेले मुलगेही आहेत. त्यांची अडचण थोडी वेगळी असते. बाईला निदान शेजारणीजवळ रडता येते, पुरुषाला “तू खंबीर राहा” एवढेच ऐकवले जाते.

आपल्या भागात यात अंतराची भर पडते. वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तरी गुंतागुंतीच्या आजारात आजही अनेक घरांची वाट अकोल्याचे सर्वोपचार, नाहीतर नागपूरचे मेडिकल अशीच असते. समृद्धी महामार्गाने नागपूर वेळेच्या हिशेबात जवळ आले. खर्चाच्या हिशेबात नाही. मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावरून निघालेल्या माणसाला गाडीभाडे, दोन दिवसांचा बुडालेला रोज आणि वॉर्डबाहेरच्या व्हरांड्यात काढलेली रात्र यांचीही बेरीज करावी लागते. आजार हंगाम पाहून येत नाही. मृगाच्या पेरणीत आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतही हाक मारते, अंथरुणही. त्या आठवड्यांत तुमची चिडचिड वाढली, तर कारण तुमच्या स्वभावात शोधू नका.

शरीरात काय होते?

धोका जाणवला की शरीर ताणाची संप्रेरके सोडते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, झोप उडते. वाघ समोर आला तर हे उपयोगाचे आहे. पण सहा महिने दररोज रात्री दोन वाजता हाक येणार असेल, तर शरीर सावधच राहते, खाली उतरत नाही. त्यातून रक्तदाब आणि साखर बिघडते, पित्त वाढते, पाळी अनियमित होऊ शकते, सर्दी-खोकला लवकर बरा होत नाही. विसरायला होते. गॅस सुरू राहतो, एकच गोळी दोनदा दिली जाते.

याबद्दल एक जुना अभ्यास नेहमी सांगितला जातो. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वयस्कर माणसांत चार वर्षांतील मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. ही बातमी वाचून घाबरण्याआधी दुसरी बाजूही ऐका. काळजी घेणाऱ्यांपैकी ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढलेला धोका दिसला नाही. पुढे २०१३ मधील एका मोठ्या अभ्यासात तर काळजी घेणारे लोक, इतर बाबी सारख्या असताना, थोडे जास्तच जगल्याचे दिसले. म्हणजे सेवा माणसाला मारत नाही. झोप नसलेली, सोबत नसलेली आणि सुटका नसलेली सेवा त्याला पोखरते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण झोप, सोबत आणि थोडी सुटका या तिन्ही गोष्टींवर काहीतरी करता येते.

शोक मृत्यूच्या आधीच सुरू होतो

घरोघरी सर्वात कमी समजून घेतली जाणारी गोष्ट ही आहे. माणूस समोर आहे, श्वास चालू आहे, तरी तुम्हाला तो गेल्यासारखा वाटतो. शेताच्या बांधावरून मोठ्याने हाक मारणारे वडील आता दोन शब्द जुळवू शकत नाहीत. ज्या सासूने स्वयंपाक शिकवला, ती आज तुम्हाला “तू कोण व्हय?” विचारते. हेही जाणेच आहे. फक्त यासाठी कोणी भेटायला येत नाही, सुतक नसते, तेरवी नसते. रडायला कारण दाखवता येत नाही, कारण माणूस तर “आहे ना अजून”.

डॉक्टरी भाषेत याला आगाऊ शोक म्हणतात. माणूस शरीराने जवळ आणि मनाने हरवलेला असेल, तर त्या हानीला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी ‘संदिग्ध हानी’ असे नाव दिले. विसरण्याच्या आजारात, मेंदूला मोठा मार लागल्यावर, दीर्घ मानसिक आजारात आणि दारूच्या व्यसनातही ती दिसते. नाव कळल्याने दुःख कमी होत नाही. पण “मला वेड लागतंय का?” ही भीती बरीच कमी होते.

या काळात एक विचार हमखास येतो आणि तो कोणी बोलून दाखवत नाही: “आता हे संपलं तर बरं.” तो आला की मागोमाग अपराधीपणाची लाट येते. मी डॉक्टर म्हणून स्पष्ट लिहितो. हा विचार अतिशय सामान्य आहे आणि तो पाप नाही. त्याचा अर्थ ‘हे माणूस मरावे’ असा क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा ‘त्याचे हाल थांबावेत आणि मला एक रात्र झोप मिळावी’ असा असतो. तुमच्या विचाराने कोणी मरत नाही. उलट असा विचार वरचेवर येऊ लागला, तर रुग्णाचे दुखणे नीट आवरलेले नाही किंवा तुमची झोप संपली आहे, हे त्यातून कळते. दोन्हींवर उपाय आहे. रुग्ण कण्हत असेल तर वेदनाशामक उपचारांबद्दल डॉक्टरांना पुन्हा विचारा. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षितपणे देता येतात. ती नीट वापरली तर मरण लवकर येत नाही.

रागाचेही तसेच. आजारी माणूस तिसऱ्यांदा अंथरूण ओले करतो, ताट भिरकावतो, ज्याने कधी एक दिवसही केले नाही त्या दूरच्या मुलाचे कौतुक करतो. हात उगारावासा वाटतो. असे झाले तर रुग्ण सुरक्षित आहे एवढे पाहा आणि खोलीबाहेर या. तोंडावर पाणी मारा, अंगणात दोन चकरा मारा, मग आत जा. दहा मिनिटे ओल्या चादरीवर पडल्याने माणूस दगावत नाही. पण हात उचलला गेलाच असेल, किंवा तसे पुन्हा पुन्हा घडत असेल, तर ते लपवू नका. एकट्याने ओढण्याची मर्यादा संपली आहे, आता दुसरे माणूस किंवा समुपदेशक हवा.

श्रद्धा: कधी आधार, कधी आणखी एक ओझे

आधुनिक शुश्रूषेच्या एक प्रणेत्या, लंडनच्या डॉ. सिसिली सॉंडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. त्यांचे म्हणणे असे की मरणाच्या वाटेवरच्या माणसाची वेदना फक्त शरीराची नसते. ती मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते. रुग्णाला लागू असलेले हे त्याच्या उशाशी बसलेल्यालाही लागू आहे. भारतातले पहिले हॉस्पिस, मुंबईतील शांती अवेदना, १९८६ मध्ये सुरू झाले. आपल्या मातीत ही जाण त्याआधीचीही आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत मुंबईला उपचाराला आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. सोबत आलेल्यालाही पाठ टेकायला जागा लागते, हे तिथे ओळखलेले आहे.

वाशीम जिल्ह्यात श्रद्धेचे रंग अनेक आहेत. कारंजा ही नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी, पोहरादेवी ही सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाची काशी, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, मंगरुळपीरला दर्गा. शेकडो गावांत बुद्धविहार आहेत आणि कितीतरी गावांत संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. तुमचे मन यांपैकी जिथे निवते, तिथे ते जाऊ द्या. देव न मानणाऱ्यालाही हे लागू आहे. त्याचे मन रेडिओवरच्या जुन्या गाण्यात, झाडाला पाणी घालण्यात किंवा गुरांच्या पाठीवरून हात फिरवण्यात निवेल. त्या दहा मिनिटांत तुम्ही कोणाची सून, कोणाची आई, कोणाची नर्स नसता, म्हणून ती मोलाची.

मात्र उपासना जेव्हा अंगावर चढते, तेव्हा सावध व्हा. रुग्ण बरा व्हावा म्हणून घरातली बाई सोमवार, गुरुवार आणि एकादशी धरते. ती स्वतः मधुमेहाची गोळी घेत असते. दुपारी तिला घाम सुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी लगेच साखर किंवा गूळ खावा आणि उपासाबद्दल डॉक्टरांशी बोलावे. दूध, फळे, राजगिरा यांवर धरलेला सौम्य उपास काहींना चालतो, पण गोळ्यांची मात्रा बदलावी लागू शकते. निर्जळी मात्र या काळात नकोच.

पारायणाचेही असेच. ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाचे २१ अध्याय आहेत. एका बैठकीत ते पुरे करण्याचा अट्टहास, तोही रात्रभर जागल्यावर, कशासाठी? रुग्णाला झोप लागली की एक अध्याय वाचा, तीन आठवड्यांत ग्रंथ पुरा होतो. कोणी म्हणेल, खंड पडला. पडू द्या.

वारी चुकण्याचे दुःख मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. शेगावची पालखी पंढरपूरला जाताना मेडशी, शिरपूर, रिसोड अशी आपल्याच जिल्ह्यातून पुढे जाते. वर्षानुवर्षे पायी गेलेल्या माणसाला दाराशी आलेला टाळांचा आवाज ऐकून घरात थांबावे लागते, तेव्हा आतून काहीतरी तुटते. हाही एक शोकच आहे. अशा दिवशी एखाद्या पुतण्याला दोन तास रुग्णाजवळ बसवा आणि रस्त्यावर जाऊन उभे राहा. रामनवमीच्या पोहरादेवीच्या यात्रेचेही तसेच करता येईल. तांड्याच्या नायकाला किंवा शेजाऱ्याला आधी सांगून ठेवले तर माणूस मिळते.

भेटायला येणारे लोक कधी कधी म्हणतात, “मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.” हे वाक्य सुईसारखे रुतते. तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा तंबाखू आणि खर्ऱ्यामुळे होतो, लकवा बहुधा न आवरलेल्या रक्तदाबामुळे येतो, आणि कित्येक आजार कोणाच्याही चुकीशिवाय होतात. “आमच्याच वाट्याला का?” हा प्रश्न तुम्हालाही पडेल. त्याला उत्तर मिळत नाही. तो कोणीतरी मध्येच न तोडता ऐकून घेतला, तर मन थोडे हलके होते. देवावर राग आला, पूजेला बसावेसे वाटेना, तरी घाबरू नका. अनेक श्रद्धाळू माणसे या टप्प्यातून जातात.

अंगारा लावा, दर्ग्यावर जा, नवस बोला, यातल्या कशालाही माझी डॉक्टर म्हणून हरकत नाही, दोन अटींवर: औषध एक दिवसही बंद होणार नाही आणि नवसासाठी कर्ज काढायचे नाही. “गोळ्या बंद करा, मी बरा करतो” असे म्हणणारा कोणीही असो, तिथून उठा. मिरगी आणि मानसिक आजारात औषध अचानक थांबवणे धोक्याचे असते.

रोजच्या दिवसात काय जमेल?

‘स्वतःला वेळ द्या’ हा सल्ला शहरी मासिकांत शोभतो. तुमच्याकडे वेळ नाही, हे मला माहीत आहे. म्हणून सुरुवात झोपेपासून करा. सलग चार-पाच तासांची झोप आठवड्यातून निदान तीन रात्री मिळाली, तरी चित्र बदलते. त्यासाठी घरात पाळ्या लावाव्या लागतील, आणि “कोणीतरी बघा ना” म्हटल्याने पाळ्या लागत नाहीत. नाव घेऊन, काम सांगून, वेळ ठरवून बोला: “भाऊजी, मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री दोननंतर बाबांजवळ तुम्ही झोपायचं.” दूर राहणाऱ्या नणंदेला सेवा करता येत नसेल, तर औषधांचा खर्च, डायपरचे पैसे किंवा दर रविवारी फोनवर अर्धा तास रुग्णाशी बोलणे तिला वाटून द्या.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे जखमा होत नाहीत. हवेची गादी मिळाली तर रात्रीचे अंतर वाढवता येईल का, हे नर्सला विचारा. त्यात तुमची झोप दडलेली आहे. रुग्णाला काखेत हात घालून उचलू नका. त्याच्या खाली चारपदरी चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी चादर धरून सरकवा. वाकताना कंबरेतून नव्हे, गुडघ्यांतून वाका. पाठ गेली की सेवा संपते.

श्वासाचा एक साधा प्रकार बादली भरेपर्यंतही करता येतो. मनात चार मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत हळू सोडा. पाच मिनिटे. लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते. विहारात आनापान शिकलेल्यांनी तेच करावे. याने प्रश्न सुटत नाहीत, पण आवाज चढण्याआधी थोडी उसंत मिळते.

जेवण उभ्याने, उरलेले, दुपारी चारला, असे चालले असेल तर रुग्णाच्या ताटाबरोबरच स्वतःचेही वाढून घ्या. महिन्यातून एकदा, रुग्णाला दवाखान्यात नेता तेव्हा, स्वतःचाही रक्तदाब तपासून घ्या. “माझाही बघा ना” एवढेच म्हणायचे आहे.

पैशाचा ताण हाही मनाचाच ताण आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. गावच्या आशाताईंना घरी काय चालले आहे ते सांगून ठेवा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत निरोप त्या पोहोचवतात.

तेरवीनंतरचे घर

माणूस गेल्यावर तेरा दिवस घर भरलेले असते. चौदाव्या दिवशी ते एकदम रिकामे होते. ज्याने ‘केले’, त्याच्यावर ही शांतता सर्वात जास्त कोसळते. रात्री दोनला डोळे आपोआप उघडतात, हाक ऐकू आल्यासारखी वाटते, हात गोळ्यांच्या डब्याकडे जातो. काहींना रडू येतच नाही. काहींना आधी सुटल्यासारखे वाटते आणि त्याचीच लाज वाटते. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणे किंवा तो दारात दिसल्याचा भास होणे, हेही सुरुवातीच्या आठवड्यांत बऱ्याच जणांना होते. ते वेड नाही, आणि ‘आत्मा अडकला’ म्हणून खर्चिक विधी करण्याचेही कारण नाही.

शोक सरळ रेषेत उतरत नाही. नेदरलँड्सच्या संशोधकांनी १९९९ मध्ये त्याचे वर्णन झोक्यासारखे केले: मन कधी हानीकडे जाते, कधी पुढच्या जगण्याकडे, आणि अशी ये-जा होणे निरोगी असते. सकाळी फोटोसमोर रडलात आणि दुपारी निंदणाला जाऊन बायांसोबत हसलात, तर तुम्ही खोटे नाही आहात. पहिला पोळा, पहिली दिवाळी, अक्षय्य तृतीयेला गेलेल्याच्या नावाने भरलेली पहिली घागर, हे दिवस जड जातात. त्या दिवशी एकटे राहू नका, एवढे आधीच ठरवून ठेवा.

रीतिरिवाज शोकाला जागा देतात. दहावा, तेरवी, मुस्लिम घरांतली विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत, पुण्यानुमोदन, यांमुळे दुःखाला वेळ आणि माणसे मिळतात. पण काही रीती जखमेवर मीठ चोळतात. वर्षभर नवऱ्याचे हगणे-मुतणे काढलेल्या बाईची बांगडी फोडायची, कुंकू पुसायचे आणि तिला हळदीकुंकवातून वगळायचे, हे कशाचे फळ? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवायला सांगितले. तुमच्या घरात हा निर्णय घ्यायला ठरावाची वाट पाहण्याची गरज नाही.

मुलांना खरे सांगा. “आजोबा झोपले आहेत” असे सांगितलेल्या लहान मुलाला नंतर झोपेचीच भीती वाटू शकते. “आजोबा वारले, ते परत येणार नाहीत, तू काही चुकीचं केलं नाहीस” ही तीन वाक्ये पुरेशी आहेत.

आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांसाठी

वाशीम हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या पश्चिम विदर्भातला जिल्हा आहे. अशा घरातला शोक वेगळा असतो, कारण त्यात पोलीस, पंचनामा, बँक, पत्रकार आणि गावाची कुजबुज मिसळते. शासकीय मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. ‘अपात्र’ हा शिक्का कागदावर असतो, पण बायकोला वाटते, आपल्या माणसाचे दुःखच खोटे ठरवले. तसे नाही. तो शिक्का कर्ज, सातबारा आणि नापिकीच्या निकषांचा आहे.

“त्या सकाळी मी का नाही ओळखलं?” हा प्रश्न महिनोन्‌महिने छळतो. आत्महत्येमागे कधीच एक कारण नसते. कर्ज, आजार, नैराश्य, दारू, एकटेपणा अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. आज मागे वळून पाहताना जे स्पष्ट दिसते, ते त्या सकाळी तसे दिसत नव्हते. अशा घरातील इतरांनाही धोका थोडा जास्त असतो, म्हणून फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे द्या. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत २०१५ पासून राबवलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशाताईंना घरोघरी मनाच्या त्रासाची विचारपूस करायला शिकवले गेले. मोकळेपणाने त्यांना सांगा.

मदत कधी घ्यायची?

सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. मृत्यूला सहा महिने ते वर्ष उलटूनही दिवसभर तीच ओढ असेल, घर आणि शेत दोन्ही ठप्प असतील, तर त्याला लांबलेला शोक म्हणतात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची आता स्वतंत्र नोंद आहे आणि त्यासाठी खास समुपदेशन असते. दारू वाढली असेल, किंवा रुग्णाच्या झोपेच्या गोळ्या तुम्ही घेऊ लागला असाल, तर वाट पाहू नका. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते. नैराश्यावरच्या औषधांची तशी सवय लागत नाही, मात्र ती सुरू आणि बंद डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावीत.

“जगून काय उपयोग” असे वाटत असेल, मरण्याचा मार्ग मनात येत असेल, तर आजच कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. कोणी विषारी औषध घेतल्याचा संशय आला तर घरगुती उपाय न करता ताबडतोब १०८ ला फोन करा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते आणि तिला उपचार देणे ही सरकारची जबाबदारी आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. तालुक्याच्या ठिकाणी त्यांचे शिबिर कोणत्या वारी असते, तेही तिथे कळेल. घरातून निघणे शक्य नसेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. फोन लागल्यावर पहिले वाक्य सुचले नाही, तर एवढेच म्हणा: “माझ्या घरी आजारी माणूस आहे, त्याचं सगळं मीच करते, आणि आता मला झेपत नाही.” पुढचे प्रश्न ते विचारतात.